टिनच्या डब्याचा पिनहोल कॅमेरा: भोक, कागद, कॉफी आणि ऊन

शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात खोक्याला टाचणीने भोक पाडतात, समोर मेणबत्ती ठेवतात, मागच्या ट्रेसिंग पेपरवर ज्योत उलटी दिसते आणि विषय तिथेच संपतो. त्याच खोक्यात फोटोचा कागद घातला तर खरा फोटो निघतो, मोठा करून भिंतीवर लावण्याजोगा. कागदावर आधी निगेटिव्ह उमटतो, म्हणजे उजेडाच्या जागी काळं आणि अंधाराच्या जागी पांढरं; तो संगणकावर उलटवला की फोटो. मात्र तेव्हा ‘टाचणीने भोक’ एवढ्यावर भागत नाही. हातात धुरकट, कोरा किंवा काळाकुट्ट कागद येतो तो बहुतेक वेळा दोनच कारणांनी: भोक मोजलेलं नसतं, नाहीतर अंधार तपासलेला नसतो. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा या दोन गोष्टींना दिली आहे.

डबा कोणता

दूध पावडर किंवा कॉफीचा गोल टिनचा डबा घ्या. व्यास साधारण १० सें.मी. आणि उंची १४ सें.मी.च्या आसपास असावी. झाकण पत्र्याचं आणि घट्ट दाबून बसणारं हवं. प्लॅस्टिकच्या झाकणातून उजेड झिरपू शकतो, ते काळं असलं तरी.

गोल डबा घेण्यामागे कारण आहे. चौकोनी खोक्यात कागद सपाट असतो, त्यामुळे कडेचा भाग भोकापासून लांब पडतो आणि तिथे उजेड तिरका येतो. भोकापासून ५० अंश बाजूला उजेड मधल्याच्या सुमारे सहाव्या हिश्शावर येतो, म्हणजे फोटोच्या कडा काळ्या. गोल डब्यात कागद वाकलेला असल्याने कडेचं अंतर कमी होतं आणि आडव्या दिशेत ही घट जवळजवळ पूर्ण भरून निघते. बदल्यात सरळ रेषा वाकतात. भोकाच्या उंचीवर असलेलं क्षितिज सरळ राहतं, पण त्याच्या वरच्या-खालच्या आडव्या रेषा धनुष्यासारख्या दिसतात. इमारतींचे फोटो त्यामुळे गमतीदार येतात. तशी गंमत नको असेल त्याने चौकोनी खोका करावा आणि काळ्या कडा पत्कराव्यात.

५ × ७ इंची कागद, म्हणजे १२.७ × १७.८ सें.मी., या डब्यात आडवा गुंडाळला तर सुमारे १०२ अंशांचं दृश्य मावतं. गावच्या चौकात उभं राहून दोन्ही बाजूंची दुकानं एकाच फोटोत येतील एवढं.

डब्याच्या उंचीच्या बरोबर मध्यावर खूण करा. आत लाकडाचा ठोकळा धरा, नाहीतर ठोकताना डबा चेपतो. खिळ्याने भोक पाडून कानशीने ते ७–८ मि.मी.पर्यंत गोल करा. हे भोक फक्त खिडकी आहे. खरं भोक वेगळ्या पत्र्यावर पाडायचं आहे.

आतून डबा काळा करा. हार्डवेअरच्या दुकानात फळ्याला देण्याचा काळा रंग मिळतो, तो उत्तम, कारण त्याला चमक नसते. चमकदार काळा ऑइलपेंट वापरू नका. त्यावरून परावर्तित झालेला उजेड कागदावर पडतो आणि फोटो फिका येतो. झाकणाची आतली बाजू रंगवायला लोक विसरतात, ती आठवणीने रंगवा. रंग दोन दिवस वाळू द्या. वास येतोय तोवर आत कागद घालू नका.

भोक

भोक मोठं झालं तर प्रत्येक बिंदूचा जाडसर ठिपका होतो आणि चित्र धूसर येतं. फार लहान केलं तर कडेवरून प्रकाश पसरतो आणि चित्र पुन्हा धूसरच येतं. मधलं योग्य माप लॉर्ड रॅले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सूत्राने काढतात. सोप्या रूपात ते असं:

भोकाचा व्यास (मि.मी.) = ०.०४४५ × √(भोक ते कागद अंतर, मि.मी.)

डबा १० सें.मी.चा असेल तर अंतर १०० मि.मी. आणि भोक ०.४५ मि.मी. अंतर ७५ मि.मी. असेल तर भोक ०.३९, आणि १५० मि.मी. असेल तर ०.५५ मि.मी.

पत्रा थंड पेयाच्या रिकाम्या कॅनचा घ्या. तो साधारण ०.१ मि.मी. जाड असतो आणि कात्रीने कापता येतो. कडा धारदार असतात, बोटं सांभाळा. २ सें.मी.चा चौकोन कापून असं करा:

१. जाड पुठ्ठ्यावर पत्रा ठेवून मध्यभागी बॉलपेनच्या टोकाने हलकेच दाबा. पलीकडे छोटा फुगवटा दिसला पाहिजे. पत्रा फाटता कामा नये.

२. तो फुगवटा ६०० किंवा ८०० नंबरच्या पॉलिश पेपरवर गोल गोल घासा. तिथला पत्रा झिजून पातळ होतो.

३. १० नंबरची शिवणाची सुई पातळ झालेल्या जागी सरळ टेकवा आणि बोटांनी फिरवत आत घाला. हातोडी नको. या सुईची जाडी ०.४६ मि.मी.च्या आसपास असते, म्हणून सुई पूर्ण जाडीपर्यंत गेली की माप जवळपास बरोबर येतं.

४. दोन्ही बाजू पुन्हा हलक्या घासा आणि सुईने भोकातली धूळ काढा. पत्र्याचे उभे राहिलेले काठ तसेच ठेवले तर कडेचा तिरका उजेड अडतो.

आता मोजायचं. पत्रा फ्लॅटबेड स्कॅनरवर ठेवून २४०० डीपीआयला, म्हणजे इंचाला २४०० ठिपके या सेटिंगला, स्कॅन करा. या सेटिंगला एक पिक्सेल ०.०१०६ मि.मी.चा असतो, म्हणजे ०.४५ मि.मी.चं भोक साधारण ४२ पिक्सेल रुंद दिसायला हवं. आडवं आणि उभं, दोन्ही मोजा. ३८ ते ४७ पिक्सेलच्या दरम्यान आणि गोल असेल तर काम झालं. अंडाकृती किंवा फाटकं दिसलं तर दुसरा चौकोन घ्या. एका कॅनमधून वीसेक तुकडे निघतात. पाच-सहा भोकं पाडून त्यातलं सगळ्यात गोल निवडणं हाच शहाणपणा.

पत्रा डब्याच्या आतून खिडकीवर काळ्या टेपने चिकटवा आणि कॅनचा चकचकीत भाग काळ्या मार्करने रंगवा. बाहेरून विजेच्या कामाच्या काळ्या टेपचा दुहेरी तुकडा लावा. हेच शटर. टेपचं एक टोक दुमडून ठेवा, म्हणजे नखाने उकरत बसावं लागत नाही.

अंधाराची परीक्षा

डब्यात टॉर्च लावलेला मोबाइल ठेवा, झाकण लावा, शटर बंद करा आणि रात्री दिवे मालवून पाच मिनिटं थांबा. डोळे अंधाराला सरावल्यावर डबा सगळीकडून फिरवून बघा. झाकणाच्या कडेला किंवा सांध्याला उजेडाची बारीक रेघ दिसली तर तिथे टेप लावा. घाईत एका मिनिटात पाहिलेलं काही कामाचं नाही.

मग खोली. न्हाणीघर रात्री सगळ्यात सोयीचं, कारण पाणी हाताशी असतं. दाराच्या फटीला टॉवेल लावा. कृष्णधवल फोटोच्या कागदाला लाल उजेड जवळजवळ दिसत नाही, म्हणून लाल एलईडी दिवा चालतो. पण लाल रंग फासलेला साधा बल्ब किंवा जिलेटिन गुंडाळलेला पांढरा दिवा हमखास दगा देतो. तपासणी सोपी आहे: कागदाच्या तुकड्यावर एक नाणं ठेवा, लाल दिव्याखाली पाच मिनिटं ठेवा आणि तुकडा डेव्हलप करा, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या द्रावात बुडवा (कृती पुढे आहे). नाण्याचा गोल उमटला तर दिवा सुरक्षित नाही. तो लांब न्या किंवा बदला.

कागद

रेझिन कोटेड, म्हणजे प्लॅस्टिकचा थर असलेला कृष्णधवल एन्लार्जिंग कागद घ्या. तो लवकर धुतला जातो आणि सपाट वाळतो. इलफोर्ड आणि फोमा यांचे कागद ऑनलाइन मिळतात. इंकजेट प्रिंटरच्या ‘फोटो पेपर’शी याचा काही संबंध नाही, या नावामुळे बऱ्याच जणांचे पैसे वाया जातात. ऊटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ कागद एखाद्या जुन्या स्टुडिओच्या कपाटात सापडू शकतो, पण आधी त्याचा न वापरलेला तुकडा अंधारात डेव्हलप आणि फिक्स (चित्र उजेडात टिकेल असं पक्कं) करा. तो करडा निघाला तर कागद म्हातारा झाला आहे.

पाकीट फक्त लाल दिव्याखाली उघडायचं. चकचकीत बाजू भोकाकडे तोंड करून डब्यात गुंडाळा. कागदाच्या दोन्ही कडा भोकापासून सारख्या अंतरावर, साधारण ७ सें.मी.वर, आल्या पाहिजेत; त्या काळ्या टेपने डब्याला चिकटवा. भोकावर कागद आला तर काहीच उमटणार नाही.

एक्सपोजर

एक्सपोजर म्हणजे कागदावर उजेड किती वेळ पडू द्यायचा ते. १०० मि.मी. अंतर भागिले ०.४५ मि.मी. भोक, म्हणजे एफ २२२. हा एफ आकडा जितका मोठा तितका उजेड कमी आणि वेळ जास्त. कागदाची संवेदनशीलता आयएसओ ६ धरा. एफ १६ ला या कागदाला भर उन्हात १/६ सेकंद लागेल. एफ २२२ ला त्याच्या १९२ पट, म्हणजे सुमारे ३२ सेकंद. सुरुवातीसाठी हे आकडे:

भर ऊन: ३० सेकंद
पातळ ढग, सावली पुसट: १ ते दीड मिनिट
पूर्ण आभाळ: २ ते ४ मिनिटं
मोकळ्या आकाशाखालची सावली: ५ मिनिटं

मोबाइलमधलं लाइट मीटर अॅप असेल तर आयएसओ १०० आणि एफ १६ ला मोजा आणि आलेल्या वेळेला ३२०० ने गुणा. मीटर १/१०० म्हणत असेल तर ३२ सेकंद, १/२५ म्हणत असेल तर २ मिनिटं ८ सेकंद. एक-दोन मिनिटांच्या पुढे कागद आळशी होतो, तेव्हा हिशेबापेक्षा निम्मा वेळ अधिक द्या.

एक गोष्ट लक्षात असू द्या: हा कागद निळा उजेड पाहतो, थोडा हिरवा पाहतो, लाल पाहत नाही. कोकणातली जांभ्याची भिंत आणि मंगलोरी कौलं फोटोत जवळजवळ काळी येतात. कपाळावरचं कुंकूही काळं. आकाश मात्र पांढरंफट्ट. संध्याकाळच्या सोनेरी उन्हात निळा भाग कमी असतो, म्हणून डोळ्याला पुरेसा वाटणारा साडेपाचचा उजेड कागदाला फार कमी पडतो. पहिले फोटो सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान घ्या. दुपारचं ऊन फार भडक असेल तर मल्टिग्रेड कागदावर (ज्यावर काळ्या-पांढऱ्यातला फरक फिल्टरने कमी-जास्त करता येतो) करडे रंग उरतच नाहीत, नुसतं काळं आणि पांढरं. मग भोकामागे पिवळ्या फिल्टरचा तुकडा लावा आणि वेळ चौपट धरून पुन्हा चाचणी घ्या.

डबा हलका असतो, वाऱ्याने हलतो. तो दगडावर किंवा भिंतीवर ठेवा आणि वर तांदळाची पिशवी ठेवा. टेप ओढताना डबा हलतो, म्हणून भोकासमोर आधी काळा पुठ्ठा धरा, टेप काढा, डबा स्थिर झाला की पुठ्ठा बाजूला करून सेकंद मोजा. शेवटी उलट क्रमाने.

कॉफीचा डेव्हलपर

तयार पेपर डेव्हलपर मिळाला तर तोच वापरा; बाटलीवरच्या सूचना पाळल्या की मिनिटा-दोन मिनिटांत काम होतं. नाही मिळाला तर स्वयंपाकघर आहेच. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्व यांच्या या मिश्रणाला कॅफिनॉल म्हणतात. ५×७ कागदासाठी अर्धा लिटर पुरतं:

पाणी ५०० मि.लि.
धुण्याचा सोडा (निर्जल, भुकटीचा) २७ ग्रॅम
शुद्ध अॅस्कॉर्बिक अॅसिड पावडर ८ ग्रॅम
इन्स्टंट कॉफी २० ग्रॅम

इथे तीन चुका ठरलेल्या आहेत. पहिली, धुण्याच्या सोड्याऐवजी खाण्याचा सोडा. तो पुरेसा अल्कलीयुक्त नसतो, चित्र येतच नाही. सोडा खड्यांचा असेल तर त्यात पाणी असतं, मग वजन २.७ पट, म्हणजे ७३ ग्रॅम घ्या. दुसरी चूक, चघळायच्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या. त्यात साखर आणि रंगच जास्त, म्हणून औषधाच्या किंवा केमिकलच्या दुकानातून पावडर आणा. तिसरी, चिकोरी मिसळलेली कॉफी. पाकिटावर ‘कॉफी–चिकोरी मिश्रण’ असेल तर ते पिण्यासाठी ठेवा. स्वस्तातली, कडवट, १०० टक्के कॉफी इथे भारी कॉफीपेक्षा सरस ठरते.

आधी सोडा पूर्ण विरघळवा, मग क जीवनसत्त्व (थोडा फेस येईल), शेवटी कॉफी. बुडबुडे बसायला पाच मिनिटं द्या. वास भयंकर येतो, पंखा लावा. मिश्रण त्याच दिवशी वापरून टाका, उद्या ते मेलेलं असतं.

ताटल्या प्लॅस्टिकच्या घ्या. अॅल्युमिनियमची परात सोड्याने खाल्ली जाते. एकदा या कामाला घेतलेलं भांडं परत जेवणाला वापरू नका आणि हातमोजे घाला.

पहिल्या ताटलीत डेव्हलपर. दुसऱ्या ताटलीत त्याचं काम थांबवणारा स्टॉप बाथ: एक भाग पांढरं व्हिनेगर, दोन भाग पाणी. तिसरीत फिक्सर: ५०० मि.लि. पाण्यात १०० ते १२५ ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे. माशांच्या टाकीच्या सामानात पाण्यातला क्लोरीन घालवायला हेच खडे विकतात. हायपो विरघळताना पाणी बर्फासारखं गार पडतं, म्हणून कोमट पाण्यात विरघळवा. आणि हायपोत व्हिनेगर पडू देऊ नका, नाहीतर गंधक सुटून पाणी दुधाळ होतं. यासाठी स्टॉप बाथनंतर कागद साध्या पाण्यात विसळायचाच.

सगळ्याचं तापमान २० ते २४ अंश असावं. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात नळाचं पाणी याच्या कितीतरी वर असतं. घमेल्यात बर्फाचं पाणी भरून त्यात ताटली ठेवा. गरम पाण्यात चित्र धडाधड काळं होतं आणि कागदावरचा लेप मऊ पडून ओरखडे उठतात.

क्रम असा: कॅफिनॉलमध्ये ३ ते ५ मिनिटं, ताटली सतत हलकेच हलवत, स्टॉप बाथमध्ये अर्धा मिनिट, पाण्यात विसळणं, हायपोमध्ये ५ मिनिटं, वाहत्या पाण्याखाली ४ मिनिटं. दिवा फिक्सर पूर्ण झाल्यावरच लावा. चित्र पुरेसं काळं झालं असं वाटून कागद दीड मिनिटात बाहेर काढायचा मोह होतो, कारण लाल दिव्यात सगळं असतं त्याहून गडद दिसतं. वेळ पूर्ण करा. एक्सपोजर चुकलं असेल तर ते पुढच्या कागदावर सुधारा.

वापरलेल्या हायपोत चांदी उतरलेली असते. तो तसाच मोरीत ओतू नका. जुन्या बाटलीत साध्या लोखंडाच्या बारीक तारांची घासणी (स्टील वूल) घालून आठवडाभर ठेवा. लोखंडावर चांदीचा काळा गाळ बसतो. स्टेनलेस स्टीलच्या घासणीने हे होत नाही.

कागद काय सांगतो

पूर्ण पांढरा: भोकावर टेप तशीच होती, कागद उलटा होता, सोडा चुकीचा होता, किंवा वेळ फारच कमी पडली. न वापरलेल्या कागदाचा तुकडा उजेडात धरून डेव्हलपरमध्ये बुडवा. काळा झाला तर डेव्हलपर ठीक आहे, चूक कॅमेऱ्यात शोधा.

पूर्ण काळा, अगदी टेपखाली झाकलेल्या कडांसह: कागद डब्यात जाण्याआधीच किंवा नंतर खोलीत उजेड लागला. झाकलेली कड पांढरी आणि बाकी काळं: एक्सपोजर जास्त, वेळ निम्मा करा. एका बाजूने पसरत गेलेला काळा पट्टा: झाकण गळतंय. मधोमध काळा डाग आणि बाकी धूसर: पत्र्याच्या कडेने उजेड शिरतोय.

निगेटिव्हपासून फोटोपर्यंत

कागद वाळला की चकचकीत बाजू काचेवर ठेवून ६०० डीपीआयला, १६ बिट ग्रेस्केलमध्ये स्कॅन करा. स्कॅनरची सगळी आपोआप सुधारणा बंद ठेवा. ८ बिटमध्ये करड्या छटा २५६ असतात, १६ बिटमध्ये ६५,५३६. पुढे ओढाताण करताना हा फरक आकाशात पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. कॉफीचा तपकिरी डाग ग्रेस्केलमध्ये आपोआप जातो.

गिंप हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसं आहे. आधी चित्र उभ्या दिशेने फ्लिप करा. फक्त १८० अंश फिरवलं तर दुकानांच्या पाट्या आरशातल्यासारख्या उलट्या राहतात, ही सगळ्यात सामान्य चूक. मग इन्व्हर्ट करा, म्हणजे काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं. लेव्हल्समध्ये डावा आणि उजवा त्रिकोण आलेखाच्या दोन टोकांना नेऊन ठेवा, पण टोकं कापू नका. त्यानंतर कर्व्ह्जमध्ये मधला भाग थोडा वर उचला, कारण कागदी निगेटिव्ह उलटवल्यावर सावल्या जड येतात.

गोल डब्यात आडव्या कडा ठीक येतात, पण वरची आणि खालची कड मधल्याच्या निम्म्या उजेडाची असते. त्यासाठी वेगळ्या लेअरवर वरून आणि खालून मध्याकडे विरत जाणारा पांढरा ग्रेडियंट द्या आणि लेअर ‘सॉफ्ट लाइट’वर ठेवा. धुळीचे ठिपके हील टूलने काढा. शार्पनिंग मात्र जपून. पिनहोलचा मऊपणा शार्पनिंगने जात नाही, नुसते दाणे वर येतात.

स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, थेट ऊन टाळून, मोबाइल कागदाला समांतर धरून फोटो काढा. कर्व्ह्जमध्ये डावं टोक वर आणि उजवं टोक खाली ओढलं की निगेटिव्ह पॉझिटिव्ह होतो.

त्याच डब्यात सूर्याच्या वाटा

हाच डबा महिनोन्‌महिने एका जागी बांधून ठेवला तर कागदावर सूर्याच्या रोजच्या वाटेच्या रेषा उमटतात. याला सोलरग्राफी म्हणतात. डेव्हलपर लागत नाही. उन्हाने कागद आपोआप काळवंडतो.

परदेशी सूचनांत ‘डबा दक्षिणेला तोंड करून लावा’ असं असतं. महाराष्ट्रात त्याने निराशा होते. वर सांगितलेल्या डब्याला मध्यापासून वर फक्त ३२ अंश दिसतं. पुण्यात २२ डिसेंबरलाही दुपारचा सूर्य ४८ अंश उंच असतो आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो डोक्यावरून थेट उत्तरेला सरकलेला असतो. शून्य सावली दिवस ठाऊक असलेल्यांना हे सांगायला नको. म्हणून इथे डबा पूर्वेला लावा. सूर्योदयाची जागा डिसेंबरमध्ये पूर्वेपासून २५ अंश दक्षिणेला असते आणि जूनपर्यंत तेवढीच उत्तरेला जाते. १०२ अंशांत हे सगळं आरामात मावतं. दक्षिणच हवी असेल तर डबा ४५ अंश मागे कलवून बांधा.

२२ डिसेंबरला लावा आणि मे संपायच्या आत काढा. पावसाळ्यात डब्यात पाणी शिरतं आणि लेपाला बुरशी धरते. झाकणाला टेपचे तीन थर द्या, गंजू नये म्हणून डब्याला बाहेरून रंग द्या, आणि डबा तारेने घट्ट बांधा, कारण एकदा जरी फिरला तरी रेषा दुहेरी येतात. गच्चीवर लावणार असाल तर सोसायटीत आधी सांगा आणि डब्यावर ‘कॅमेरा आहे, हलवू नका’ असं मराठीत लिहून चिकटवा.

हा कागद फिक्स करू नका, हायपोत चित्र बरंचसं उडून जातं. तो मंद उजेडात काढून थेट स्कॅन करा, या वेळी रंगीत आणि प्रीव्ह्यू न घेता, कारण स्कॅनरचा दिवाही कागद काळा करतो. पहिला स्कॅन हाच सगळ्यात चांगला असतो. त्यानंतर कागद काळ्या पाकिटात ठेवा आणि इन्व्हर्ट, फ्लिप वगैरे सगळं काम स्कॅनच्या फाइलवर करा.